पुण्याचा घर क्रमांक ६५०९

पुण्याच्या शिवाजीनगर भागातील ‘सिमला ऑफिस’ तुम्ही ऐकले असेल. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून येथे आले होते, म्हणून हे नाव. या खात्याच्या पुण्यातील शास्त्रज्ञांनी १९०१ सालापासूनचा देशातील रोजचा पाऊस एका जाळीवर मांडला आहे.

ही जाळी कशी असते? नकाशावर पाव-पाव अंशाच्या अंतराने आडव्या आणि उभ्या रेघा ओढा. उत्तर अक्षांश ६.५ ते ३८.५ यांत १२९ ओळी बसतात. पूर्व रेखांश ६६.५ ते १०० यांत १३५ स्तंभ. छेदनबिंदू झाले १७,४१५.

संगणकात मात्र एका दिवसाचे हे सारे आकडे एकाच लांब रांगेत असतात. सुरुवात नैर्ऋत्य कोपऱ्यातून. एक ओळ पूर्वेला संपली की तिच्या उत्तरेची पुढची. यात पुणे कोठे सापडेल?

पुण्याजवळचा बिंदू आहे १८.५ उत्तर, ७३.७५ पूर्व. शून्यापासून मोजू या.

ओळ = (१८.५ − ६.५) ÷ ०.२५ = ४८
स्तंभ = (७३.७५ − ६६.५) ÷ ०.२५ = २९
रांगेतील क्रमांक = ४८ × १३५ + २९ = ६५०९

आता उलट जा. ६५०९ ला १३५ ने भागा. भागाकार ४८, बाकी २९. भागाकार ओळ सांगतो, बाकी स्तंभ! प्रत्येक क्रमांकासाठी संगणकाकडून हेच करून घेतले की दोन तक्ते तयार होतात. दोन ओळी आणि तीन स्तंभांच्या छोट्या जाळीसाठी ते असे दिसतील:

ओळींचा तक्ता:
० ० ०
१ १ १

स्तंभांचा तक्ता:
० १ २
० १ २

पण सावधान! ‘सी’ ही संगणकभाषा शून्यापासून मोजते, तर ‘फोर्ट्रान’ सहसा एकपासून. फोर्ट्रानला ४८ आणि २९ हेच आकडे दिलेत, तर ती ४८ वी ओळ आणि २९ वा स्तंभ काढील. तो बिंदू १८.२५ उत्तर, ७३.५ पूर्व, म्हणजे रायगड किल्ल्याजवळ! कोकणातला धो धो पाऊस पुण्याच्या नावावर जमा होईल. ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली, तर पुणे थेट आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ पोहोचेल. संगणक मात्र चूक दाखवणार नाही. मागितलेला आकडा तो निमूटपणे देईल. म्हणून ओळखीच्या गावावर आधी ताळा करून पाहावा.

आता तुम्ही करून पाहा: क्रमांक ८०१५ चा बिंदू महाराष्ट्रातील कोणत्या मोठ्या शहराजवळ आहे? कागद, पेन्सिल आणि भूगोलाचा नकाशा पुरेल.