नातवाची पाठ थापटण्यापूर्वी

खारघरमधील माझ्या दवाखान्यात क्षयरोग झालेल्या नातवाला घेऊन येणारे आजी-आजोबा बहुधा विचारतात, “डॉक्टर, पाठ थापटली तर कफ सुटेल ना?” आपलाही प्रश्न हाच असेल, तर क्षणभर थांबावे.

लहान मुलांच्या क्षयरोगात पुष्कळदा कफ फारसा नसतोच. छातीतील गाठी सुजलेल्या असतात. तेथे थापटून काही साधत नाही, गुण येतो तो औषधांच्या पूर्ण कोर्सने. मात्र गाठींनी श्वासनलिका दाबून फुप्फुसाचा भाग मिटला, किंवा आजारानंतर श्वासनलिका रुंदावून तिथे कफ साचू लागला, तर छातीची फिजिओथेरपी डॉक्टर सुचवू शकतात.

ती तज्ज्ञांकडून शिकून घ्यावी. जेवणापूर्वी किंवा नंतर दोन तासांनी, खिडक्या उघडून, अंगावर पातळ कपडा ठेवून, तळहात खोलगट करून फासळ्यांवर थापटावे. पाठीचा कणा, पोट व कंबर वगळावी. चार-पाच वर्षांच्या मुलाला साबणाचे फुगे उडवू द्यावेत. श्वास आपसूक खोल जातो. (मला स्वतःला हाच उपाय अधिक आवडतो.) कफात रक्त दिसले, धाप लागली वा ओठ निळसर झाले, तर थापटणे थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणखी एक, जरा अवघड गोष्ट. मुलाला हा आजार बहुधा सहवासातील मोठ्या माणसाकडून होतो. थापटणाऱ्या आजोबांनाच दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर ‘वयाचा खोकला’ म्हणून तो अंगावर काढू नये. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते.