बैल, पेंढा आणि आपोआप लागणारा ब्रेक

पौष पौर्णिमेच्या सुमारास शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाणारा रस्ता संध्याकाळी बघावा. भाताच्या पेंढ्याने भरलेला पिकअप इतका फुगलेला असतो, की मागून बघणाऱ्याला चाकांखेरीज गाडी म्हणून काही दिसत नाही. म्हसाच्या यात्रेतल्या गुरांच्या बाजाराला निघालेल्या बैलजोड्या कडेने चालतात. मनात आलं तर मधूनही.

मित्राच्या नव्याकोऱ्या गाडीत मी पुढे बसलो होतो. सरळगाव यायचं होतं. अरुंद वळणावर समोरून एसटी आली आणि गाडीने किंचाळून स्वतःच कचकन ब्रेक मारला. मित्राचा पाय ब्रेकवर नव्हता. एसटी आपल्या बाजूने निघून गेली, मागच्या मोटारसायकलवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढे पाचच मिनिटांत बैलांची जोडी आडवी आली, तेव्हा मात्र गाडी गप्प. ब्रेक मित्रानेच दाबला. गाडीने आणखी अर्ध्या सेकंदाने दाबलाही असता कदाचित, पण थांबून बघायची हौस कोणाला?

ब्रेक दाबणं हे या आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्राचं सोपं काम. चाकं लॉक होऊ नयेत आणि गाडी घसरू नये म्हणून जो पंप गाडीत आधीपासून असतो, त्यालाच संगणक हुकूम देतो आणि चारी ब्रेकमध्ये दाब तयार होतो. फायदा आहे तो वेळेचा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. बेसावध माणसाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे २५ मीटर गेलेच. कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यानंतरचे आणखी २० मीटर धरा. यंत्र वाचवतं ते पहिल्या २५ मधले बरेचसे. नंतरचे २० टायर आणि रस्ता यांच्यातला मामला. माळशेज घाटातल्या ओल्या रस्त्यावर ते वाढतात आणि संगणकाचं तिथे काही चालत नाही. कसारा घाट उतरताना तापून निकामी झालेल्या ब्रेकचंही तेच. ते पायाने दाबले काय आणि पंपाने दाबले काय!

अवघड काम आहे ते ब्रेक कधी दाबायचा हे ठरवण्याचं. गाडीला डोळे दोन, आणि दोन्ही वेगळ्या जातीचे. पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये ७७ गिगाहर्ट्झचा रडार असतो. त्याच्या लहरीची लांबी साधारण ४ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढी. समोरची वस्तू किती दूर आहे आणि कोणत्या वेगाने जवळ येते आहे, हे तो चोख सांगतो. ती काय आहे हे त्याला नीट कळत नाही. ते सांगायला काचेमागे कॅमेरा असतो. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागलं की टक्कर किती सेकंदांवर आहे ते निघतं. आकडा अडीच-दोनच्या खाली घसरू लागला की भोंगा, आणखी घसरला की ब्रेक.

आता पेंढ्याचा पिकअप या डोळ्यांनी बघा. सुका पेंढा रडारच्या लहरी फारशा परतवत नाही. परततात त्या आतल्या लोखंडावरून. बांबू भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची गोष्ट त्याहून वाईट. चार-पाच फूट बाहेर आलेली बांबूंची टोकं रडारला फारशी जाणवत नाहीत, त्यामुळे त्याने मोजलेलं अंतर ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंतचं असू शकतं. कॅमेऱ्याने टोकं ओळखली तर ठीक. बंद पडलेल्या ट्रकमागे आपल्याकडे चार दगड आणि एक हिरवी फांदी ठेवतात. तिचा अर्थ शहापूरच्या शेंबड्या पोरालाही कळतो, पण कॅमेऱ्याला तो कोणी शिकवलेला असेलच असं नाही. डोक्यावर मोळी घेऊन कडेने चालणारी बाई घ्या. माणसाची म्हणून जी बाह्यरेषा कॅमेऱ्याला घोटून घोटून शिकवली जाते, तिच्या वर इथे चार हात रुंद आडवी रेघ आलेली असते.

शिकवलेलं कसं अंगाशी येतं, याचा किस्सा ऑस्ट्रेलियातला आहे. स्वीडनच्या व्होल्वोने मोठी जनावरं ओळखणारी यंत्रणा तिकडच्या मूस हरणांवर तयार केली. २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितलं, की कांगारूंपुढे ती गोंधळते. जनावराचे पाय जमिनीला कुठे टेकले यावरून ती अंतर काढत होती, आणि उडी मारलेल्या कांगारूचे पाय जमिनीवर नसतातच. हवेत असताना तो लांब वाटायचा. कॅमेऱ्याला आपले रस्ते शिकवण्यासाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये दहा हजार चित्रांचा संग्रह खुला केला. त्यात रिक्षा आणि जनावरं यांचे वेगळे वर्ग आहेत. मोटारींच्या स्वयंचलित ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५२ आहे. त्यातल्या चाचण्यांत मोटार, पादचारी आणि सायकलस्वार येतात, बैल येत नाही.

मग जरा शंका आली की दाबावा ब्रेक, असं का नाही? उत्तर आमच्या मागच्या मोटारसायकलवाल्याने दिलंच होतं. आपल्याकडे मागचा माणूस पुढच्याच्या बंपरला चिकटून चालतो, त्यामुळे विनाकारण मारलेला ब्रेकही अपघात घडवतो. म्हणून यंत्राला खात्री होईपर्यंत थांबायला शिकवतात. पुढे-मागे मोटारीच असतील तर हा हिशोब झकास जमतो: अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेला अशा गाड्यांनी पुढच्या वाहनाला मागून ठोकण्याचे प्रकार निम्म्यावर आलेले दिसले. पादचाऱ्यांशी होणारे अपघात २७ टक्क्यांनी घटले. मात्र दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर फरकच सापडला नाही. किन्हवलीच्या रस्त्यावर रात्री दिवे किती, हे शहापूरकरांनी सांगावं.

शहापूर तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सहा पदर, समोरून कोणी येत नाही, दुचाकी-तीनचाकींना बंदी. या ब्रेकचं माहेर म्हणावं तर असा रस्ता. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने ट्रक-बसना ही यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला, आणि मला तो योग्य वाटतो. डुलकी लागलेल्या ट्रकचालकाला तिच्याइतका जागा सोबती मिळायचा नाही. पण समृद्धीवरून उतरलेला ट्रक तासाभरात सरळगावच्या नाक्यावरही असू शकतो.

म्हसाच्या बाजारात एक म्हातारबाबा आपल्या जोडीच्या शिंगांना रेडियमच्या पट्ट्या गुंडाळत बसले होते. मला आयआयएचएसचीच २०२५ मधली चाचणी आठवली: अंधारात पुतळ्याच्या हातापायांवर अशा चकाकणाऱ्या पट्ट्या लावल्या, तर तीनपैकी दोन गाड्यांनी वेगही कमी केला नाही. बाबांना सांगायला गेलो नाही. पट्ट्या बघणारा ड्रायव्हर असतो, हे त्यांचं गणित बरोबरच होतं.

निघण्याआधी मित्राने गाडीच्या पडद्यावर इशाऱ्याचे तीन पर्याय शोधून काढले, लवकर, मध्यम आणि उशिरा. एसटीचा प्रसंग डोक्यात होता, त्याने ‘उशिरा’ निवडलं. मुरबाडच्या अलीकडे दिव्यांच्या झोतात चार ठिपके चमकले, जमिनीपासून पाच फुटांवर, डुलत डुलत येणारे. भोंगा वाजला नाही. मित्राचा पाय ब्रेकवर केव्हाच गेला होता.