समुदायाचा सूर : पंडित नारायण मोरेश्वर खरे

संगीतज्ञ म्हटला की मैफलीत एकट्याने गाणारा गवई आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु गाणे मुळीच न शिकलेल्या शेकडो कंठांतून एक सूर उमटविणे हेही विद्वत्तेचेच काम होय. पंडित नारायण मोरेश्वर खरे (1889-1938) यांनी आपली विद्या या कामी वेचली.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत सर्वांस खुले केले. खरे हे त्यांचेच शिष्य. गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतज्ञ मागितला, तेव्हा 1918 च्या सुमारास पलुस्करांनी खऱ्यांना तिकडे धाडले. मैफलीची कीर्ती तेथे मिळणार नव्हती. मिळणार होती ती नित्याची प्रार्थना आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे.

अशा मेळ्यास गाववावयाचे कसे? स्त्री, पुरुष व मुले यांचा स्वर एका उंचीचा नसतो. म्हणून सर्वांस झेपेल अशी पट्टी निवडावी लागते. ताना व हरकती गाळून चाल सरळ ठेवावी लागते. प्रमुखाने ओळ म्हणावी आणि समुदायाने ती उचलावी, म्हणजे निरक्षरासही पद पाठ होते. काय गाळावे हे ठरविण्यास मात्र राग पुरता जाणावा लागतो, नाहीतर चालीबरोबर रागाचे रूपही हरपते. खऱ्यांनी संपादिलेल्या ‘आश्रम भजनावली’त संस्कृत, हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली अशी अनेक भाषांतील पदे आहेत आणि त्यांवर राग-तालांचा निर्देश आहे. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी मीराबेनसाठी यांतील पदांची इंग्रजी भाषांतरे केली.

त्याच वर्षी 12 मार्चला साबरमतीहून निघालेल्या दांडीयात्रेच्या तुकडीत खरेही होते. 5 एप्रिलपर्यंत चाललेल्या त्या वाटचालीत प्रार्थना व भजन हा नित्यक्रमच होता. पुढे 1938 साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

सोलापूरनजीक चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसे शेजारी उभी राहून काम करतात. तेथे कोणास गायनमेळा उभारावयाचा असेल, तर प्रथम मोठ्या गवयाचा शोध करू नये. सर्वांस झेपणारी पट्टी, सोपी चाल आणि प्रत्येकाच्या भाषेतील एकेक पद, एवढी सामग्री आरंभास पुरेशी आहे. गोड गळा थोड्यांनाच लाभतो. सुरात सूर मिळविणे मात्र पुष्कळांस शिकविता येते.