साचलेल्या पाण्याची वीस वर्षं

२००३ च्या जुलैत आम्ही चँडलरला राहायला आलो, तेव्हा घरामागच्या कुंपणापलीकडे कापूस होता आणि कापसाच्या पलीकडे लसूणघास. वारा फिरला की गोठ्यांचा वास यायचा. मी सावंतवाडीची, मला तो वास परका वाटला नाही. परका वाटला तो पावसाळा. ॲरिझोनातही त्याला मान्सूनच म्हणतात, पण इथला पाऊस वर्षाचा मिळून दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. आंबोलीत एवढा जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. अशा गावात बेडूक असतील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

२००६ च्या उन्हाळ्यात आई आली. तिच्या मुक्कामातलं पहिलं वादळ रात्री झालं. आधी धुळीची भिंत आली, मग वीज, मग अर्धा तास असा पाऊस की समोरचं घर दिसेना. पाऊस थांबल्यावर आई मागच्या दारात उभी राहून कान देऊन ऐकत होती. "ही करडं कुणाची गं? आयांपासून तोडलीत की काय?"

आवाज खरंच तसा होता, लांब, घोगरा, रडवेला. बॅटरी घेऊन आम्ही दोघी कुंपणाशी गेलो. शेताच्या कडेला पाणी तुंबलं होतं आणि त्यात पिवळसर हिरवे बेडूक फुगून तरंगत होते. एक काठाला बसला होता. बॅटरीच्या उजेडात त्याच्या डोळ्यांतली बाहुली मांजरासारखी उभी दिसली. आईनं त्याच्या मागच्या पायाकडे बोट केलं. तळव्याला काळी, कडक, विळ्यासारखी वाकलेली धार होती. "खुरपं घेऊनच जन्माला आलाय," ती म्हणाली.

तो काउचचा स्पेडफूट. त्या खुरप्यानं माती उकरत तो पाठमोरा जमिनीत उतरतो आणि वर्षातले आठ-दहा महिने तिथंच असतो. पाऊस रुसला तर सलग दोन वर्षंही काढतो. आत तो अंगातला युरिया साठवून ठेवतो, त्यामुळे मातीतली ओल त्याच्या अंगात ओढली जाते. वर येण्याची खूण त्याला पाणी देत नाही, पावसाचा आणि गडगडाटाचा हादरा देतो. १९८० मध्ये डिमिट आणि रुइबल या दोन संशोधकांनी हे दाखवून दिलं. मोटारसायकलचा आवाज ऐकवला तरी तो फसून भर कोरड्यात वर येतो, असंही त्यानंतरच्या काही वर्षांत एका प्रयोगात दिसलं. वर आला की त्याला घाई असते. एका रात्री वाळवीवर ताव मारायचा, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. अंडी दिवसभरात फुटतात आणि डबकं आटायच्या आत बेडूकमाशांना पाय फुटावे लागतात. आठ दिवसांत शेपटी जिरवून बाहेर पडणारी पिल्लं या जातीत आहेत. माझ्या माहितीत एवढं घाईचं बालपण दुसरं नाही.

आणि नेमके हे आठ दिवसच चँडलरमध्ये दुर्मिळ होत गेले.

हे गाव १९१२ मध्ये डॉ. ए. जे. चँडलर या जनावरांच्या डॉक्टरनं वसवलं, आणि पुढची कित्येक दशकं ते शेतांचंच राहिलं. १९८० मध्ये वस्ती तीस हजारांच्या आत होती. २००० मध्ये १,७६,५८१ आणि २०२० मध्ये २,७५,९८७. घरं वाढली तशी पावसाचं पाणी वस्तीतच जिरवायची सोय आली. प्रत्येक सोसायटीत रस्त्यापेक्षा खोलगट हिरवळीचं मैदान असतं, वादळात ते तळ्यासारखं भरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बेडकांचं भाग्य उजळलं. पण नियम असा की ते पाणी ३६ तासांत जिरलं पाहिजे. बेडकाला आठ दिवस हवेत आणि डबक्याला मुदत दीड दिवसाची.

हा नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. २००४ मध्ये आमच्या मॅरिकोपा काउंटीत वेस्ट नाइल तापाची मोठी साथ आली होती, आणि तो ताप डासांकडून येतो. आपल्याकडेही डेंग्यूच्या दिवसांत आठवड्याला 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात, कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करायला लावतात. साचलेल्या पाण्याची भीती खोटी नाही. पण बेडकाचं घर म्हणजे मुळात साचलेलं पाणी, आणि ते इतकं थोडं असतं की ओतून दिलं तरी आपण कुणाचं काही मोडलं असं वाटत नाही.

हे माझ्या मनात पक्कं बसलं ते २०२० मध्ये, घरात कोंडून राहायच्या दिवसांत आणलेल्या एका कुंडीमुळे. ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातलं झाड. आपल्या जंगलात हे कूळ नाही, ते अमेरिका खंडांचं. रानात यातल्या कितीतरी जाती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहतात. सावंतवाडीला आम्ही झाडावर वाढलेल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला बांडगूळ म्हणत असू, आमरीला आणि बाशिंगालासुद्धा. ते चुकीचं होतं. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, आमरी आणि बाशिंग फक्त बसायला फांदी मागतात. ब्रोमेलियाडही तसंच. याची पानं बुडाशी एकमेकांत घट्ट बसून पेला तयार होतो आणि त्यात पाणी साठतं. माझ्या कुंडीतल्या पेल्यात वाटीभर मावायचं. आठवड्याला ते ओतून नवं भरायचं, असं दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं.

त्या वाटीभर पाण्यापाशी बसून मी वाचत गेले आणि प्वेर्तो रिकोच्या सोनेरी कोकीपर्यंत पोचले. जेमतेम दोन सेंटिमीटरचा हा बेडूक त्या बेटावरच्या सिएरा दे कायेय डोंगररांगेत, साधारण साडेसहाशे ते आठशे मीटर उंचीवर, फक्त ब्रोमेलियाडच्या पानांत राहायचा. तीच त्याची ओल आणि तोच त्याचा निवारा. त्याची मादी अंडी घालत नसे, ती पोटातच वाढवून महिन्याभरानं तीन ते सहा पूर्ण घडलेली पिल्लं जन्माला घाली. बेडकांत हे फारच विरळ. आंबोलीच्या बुश फ्रॉगची पिल्लंही बेडूकमासा न होता थेट बेडूक बनून निघतात, पण ती अंड्यातून. १९७६ मध्ये ड्र्यूरी आणि जोन्स यांनी या जातीचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि तिला जॅस्पर लॉफ्टस-हिल्स या सहकाऱ्याचं नाव दिलं. हा ऑस्ट्रेलियन तरुण १९७४ मध्ये टेक्ससमध्ये बेडकांवर काम करताना एका गाडीखाली सापडून गेला होता. वर्णनाच्या पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, या जातीला अमेरिकी कायद्याचं संरक्षण मिळालं. १९८१ नंतर ती कुणाला दिसलेली नाही. नाव मिळाल्यापासून जेमतेम पाच वर्षं! जंगलतोड, वणवे, ब्रोमेलियाड उपटून नेणं, बेडकांच्या कातडीला लागणारी बुरशी, अशी कारणं सांगतात. त्याच बेटावरचा साधा कोकी मात्र नर्सरीच्या कुंड्यांतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवाईत पोचला आणि तिथं उपद्रवी ठरला. त्याला कुठलीही ओली जागा चालते. सोनेरी कोकीला एकच चालत होती.

ट्रिनिडाडमध्येही असाच एक सोनेरी झाडबेडूक आहे. एल तुकुचे आणि अरिपो या उंच शिखरांवर तो मोठ्या ब्रोमेलियाडांच्या पाण्यात अंड्यापासून वाढतो. त्याच बेटावर १९४० च्या दशकात कॉलिन पिटेंड्रिघ यांनी हिवतापाचा माग काढला. कोकोच्या बागांना सावली म्हणून पांगाऱ्याच्या भावकीतली झाडं लावलेली होती, त्यांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड, आणि ब्रोमेलियाडच्या पेल्यांत हिवतापाच्या डासांची अंडी. मग बागांतले ब्रोमेलियाड उपटले गेले, त्यांच्यावर मोरचुदाची फवारणी झाली. हिवतापानं माणसं मरत होती, ते करणं भागच होतं. पण डासाचा पेला आणि बेडकाचा पेला बाहेरून एकसारखाच दिसतो, हे मला त्या वाचनातून नीट उमगलं.

चँडलरची माझी वीस वर्षं मी त्या करडांच्या आवाजावरून मोजते. २००८ मध्ये घरबांधणी कोसळली. अनेकांची घरं गेली, ते दिवस वाईट होते. आमच्या मागचं शेत मात्र विकलं जाऊनही पडून राहिलं. कापूस नाही, नांगर नाही, नुसती चाकोऱ्यांची जमीन. त्या चार-पाच वर्षांत मी सगळ्यात जास्त बेडूक ऐकले. २००८ मध्येच गावाच्या आग्नेयेला ११३ एकरांचं व्हेटरन्स ओॲसिस पार्क झालं. सांडपाणी शुद्ध करून तिथं जमिनीत मुरवतात, पाखरं येतात, रविवारी आम्ही मुलांना घेऊन जायचो. २०१३ मध्ये शेतावर यंत्रं आली. रोलर फिरायचा तेव्हा खिडकीच्या काचा थरथरत, आणि मला तो मोटारसायकलचा प्रयोग आठवे. ८ सप्टेंबर २०१४ ला फिनिक्सच्या विमानतळावर एका दिवसात ३.३० इंच पाऊस नोंदला गेला, तो विक्रम आहे. आमचं खोलगट मैदान काठोकाठ भरलं. रात्री चार-पाच आवाज आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथं नुसतं ओलं गवत होतं.

त्याच विमानतळाच्या नोंदीत २०२० चा मान्सून एका इंचावर संपला. २०२१ मध्ये ४.२० इंच झाला. त्या ऑगस्टमध्ये नव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, बांधकामासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यात, मला बेडूकमासे दिसले. मी रोज सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन पाहायचे. सहाव्या दिवशी पाणी टाचेएवढं उरलं. सातव्या दिवशी मागचे पाय दिसले. नवव्या दिवशी चिखलाच्या भेगांत करंगळीच्या नखाएवढी पिल्लं बसलेली होती, मोजून अकरा. महिन्याभरात तिथं फरशी पडली.

२०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस दिवसाचा कमाल पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या, खाली आला नाही, आणि पूर्ण मान्सूनचा पाऊस भरला ०.१५ इंच. चार मिलिमीटरही नाही. २०२४ मध्येही मागून आवाज आला नाही. ते खाली असतील, दोन वर्षं काढू शकतात, हे मला माहीत आहे.

आई आता येऊ शकत नाही, गुडघे दुखतात. जूनमध्ये सावंतवाडीला पाऊस लागला की ती रात्री नऊला फोन करते. इथं तेव्हा सकाळचे साडेआठ असतात आणि अंगणातली फरशी तापायला लागलेली असते. ती काही न बोलता फोन खिडकीच्या गजाबाहेर धरते. मी चहा बाजूला ठेवून ऐकते. मग फोन आत घेऊन ती विचारते, "तुझी करडं बोलली का गं?"

"अजून नाही, आई."