ग्रंथींमधील रासायनिक दूतांची साठवण : कोकणातील विंचूदंशाच्या संदर्भात

प्रस्तावना :
रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत लाल विंचवाचा दंश ही जुनी आरोग्यसमस्या आहे. दंशानंतर रुग्णाला दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, उलट्या होतात. पुढे हातपाय गार पडतात, रक्तदाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी साचू शकते. या परस्परभिन्न लक्षणांचा उलगडा होण्यासाठी चेतापेशी ग्रंथींमध्ये रासायनिक दूत कसे साठवितात, हे पाहणे आवश्यक ठरते.

दोन प्रकारच्या पुटिका :
लाळग्रंथीत पोहोचणाऱ्या परानुकंपी चेतातंतूंच्या टोकांशी दोन प्रकारच्या पुटिका आढळतात. सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या लहान पुटिकांत अॅसिटिलकोलीन असते व त्या तंतूच्या टोकाशीच पुन्हा भरल्या जातात. मोठ्या, घन गाभ्याच्या पुटिकांत पेप्टाइड असते; ते पेशीकायेत तयार होऊन तंतूमार्गे येते, म्हणून त्याचा साठा सावकाश भरून निघतो. स्वीडनचे संशोधक यान लुंडबर्ग यांनी १९८१ साली मांजराच्या ग्रंथींवरील अभ्यासातून हे सहअस्तित्व मांडले. मंद आवेगांनी मुख्यतः अॅसिटिलकोलीन मुक्त होऊन लाळ स्रवते. आवेग जलद झाल्यास पेप्टाइडही मुक्त होऊन रक्तवाहिन्या रुंदावतात. अॅट्रोपिन दिल्यास लाळ थांबते, परंतु रक्तवाहिन्यांचे रुंदावणे सुरूच राहते.

अधिवृक्क ग्रंथी :
अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातील पेशी या मूलतः रूपांतरित चेतापेशीच होत. येथे अॅड्रेनॅलीन व नॉरअॅड्रेनॅलीन यांची साठवण बव्हंशी वेगवेगळ्या पेशींत होते. त्यांच्या कणिकांत एटीपी व पेप्टाइडेही असतात. चेतातंतूंनी सोडलेले अॅसिटिलकोलीन मिळताच हा साठा थेट रक्तात उतरतो.

विषाचा परिणाम :
विंचवाच्या विषामुळे चेतातंतूंवरील सोडियम मार्गिका वेळेवर बंद होत नाहीत. आवेग वारंवार निर्माण होऊन दोन्ही प्रकारचे साठे एकाच वेळी रिते होऊ लागतात. घाम व लाळ हे अॅसिटिलकोलीनचे, तर गार हातपाय व वाढलेला रक्तदाब हे अॅड्रेनॅलीनवर्गीय दूतांचे कार्य होय. अॅट्रोपिन केवळ पहिल्या दूताला अडविते. हृदयावरील परानुकंपी नियंत्रण दूर झाल्याने दुसऱ्या दूताचा भार उलट वाढतो. म्हणूनच लाळ व घाम दिसताच अॅट्रोपिन देणे घातक ठरू शकते.

महाड येथे कार्य करणाऱ्या डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्राझोसिन या औषधाचा उपयोग मांडला. हे औषध रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहींना अडवून हृदयावरील भार कमी करते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण अधिक लवकर बरे झाल्याचे आढळले.

निष्कर्ष :
चेतापेशीत कोणता दूत कोठे साठविला आहे व तो कोणत्या ग्राहीवर कार्य करतो, यावर उपचाराची दिशा ठरते. डोळ्यांना दिसणारे लक्षण थांबविणे आणि जीवघेणा परिणाम रोखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कोकणातील या अनुभवावरून स्पष्ट होते. शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापनात हे स्थानिक उदाहरण म्हणूनच उपयुक्त ठरते.