शस्त्रक्रियेपूर्वीची सिद्धता



व्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे संयोजकांनी विचारले तेव्हा दोन-तीन भारदस्त विषय माझ्या मनात येऊन गेले. परंतु भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य घालविलेल्या माणसाला लोक जो प्रश्न खरोखर विचारतात तो अगदी साधा असतो : "डॉक्टरसाहेब, ऑपरेशनच्या आधी आम्ही काय करायचे?" त्याचे उत्तर रुग्णालयाच्या व्हरांड्यात, घाईघाईने, अर्धवट दिले जाते. येथे ते सावकाश देता येईल.

आरंभ माझ्या एका चुकीपासून करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी एक प्रौढ बाई आल्या होत्या. टेबलावर घेण्यापूर्वी मी विचारले, "उपाशी आहात ना?" त्या म्हणाल्या, "हो तर, आज संकष्टी आहे." मी समाधानाने मान डोलावली. भूल चढत असतानाच त्यांना उलटी झाली आणि तिच्यात साबुदाण्याची खिचडी निघाली, दाण्याच्या कुटासह. त्यातील काही भाग फुप्फुसात उतरला. चार दिवस त्या कृत्रिम श्वासोच्छ्वासावर होत्या आणि ते चार दिवस त्यांच्या यजमानांच्या नजरेला नजर देणे मला जमले नाही. बाई वाचल्या. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. आपल्या घरात उपवास म्हणजे न खाणे नव्हे, वेगळे खाणे. हे मराठी आईच्या पोटी जन्मलेल्या मला ठाऊक असायला हवे होते. त्या दिवसापासून मी "उपाशी आहात का?" हा प्रश्न टाकून दिला. "शेवटचा घास केव्हा घेतला, आणि कशाचा?" असे विचारू लागलो.

पोट रिकामे का हवे, हे समजले की नियम आपोआप लक्षात राहतो. जागेपणी अन्नाचा कण श्वासनलिकेकडे गेला तर ठसका लागतो. भूल दिल्यावर हा पहारेकरी झोपी जातो. पोटातील आम्लयुक्त अन्न वर येऊन फुप्फुसात शिरले तर काय अनर्थ होतो, याचे सविस्तर वर्णन मेंडेल्सन या अमेरिकन डॉक्टराने 1946 साली केले.

आमच्या सुश्रुताने मात्र शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला इष्ट भोजन द्यावे आणि मद्य घेणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले आहे, ही गोष्ट काहींना विसंगत वाटेल. तशी ती नाही. त्या काळी आजच्यासारखी भूल नव्हती. रुग्णाला वेदनेने मूर्च्छा येऊ नये हा त्यामागील हेतू होता. शिवाय मूढगर्भ, मूळव्याध, मूतखडा, भगंदर, मुखरोग अशा विकारांत त्यानेही उपाशीपोटीच कर्म करण्यास सांगितले आहे. ईथरची भूल जगापुढे आली ती 1846 साली, आणि मग रिकाम्या पोटाचे महत्त्व सर्वच शस्त्रक्रियांना लागू झाले.

आजचा सर्वसाधारण नियम असा : तळलेले वा तुपातेलाचे जेवण आठ तास आधी थांबवावे; आपल्या उज्जैनचे पोहे-जिलेबी याच वर्गात धरावे. हलका आहार सहा तास आधी. दुधाचा चहा हे पेय नसून अन्न आहे, त्यालाही सहा तास. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध चार तासांपूर्वीपर्यंत चालते. नुसते पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत घेता येते. रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको, ही जुनी समजूत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते; तीत म्हाताऱ्यांचे व मुलांचे विनाकारण हाल होतात. गर्भवती, मधुमेही, आतड्याचे रुग्ण यांचे पोट सावकाश रिकामे होऊ शकते. त्यांनी आपल्या भूलतज्ज्ञाचा शब्द प्रमाण मानावा.

दुसरी गोष्ट औषधांची. चालू असलेल्या सर्व गोळ्या, त्यांच्या पाकिटांसह, एका पिशवीत घालून आणाव्यात. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या चालू ठेवायच्या असतात, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या साधारणतः तीन दिवस आधी बंद करतात. यातील कोणताही निर्णय रुग्णाने स्वतः घेऊ नये. वैद्यांचे चूर्ण वा काढा चालू असेल तर तेही सांगावे. आम्ही रागावत नाही.

आता थोडे अवघड बोलतो. महाकालाच्या नगरीत भांगेला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून "व्यसन आहे का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर येते. नित्य भांग घेणाऱ्याला भुलेचे औषध अधिक लागू शकते. ते आधी कळलेले बरे. गुटख्याचे संकट याहून मोठे. वर्षानुवर्षे गुटखा-सुपारी चघळणाऱ्याचे तोंड हळूहळू आखडत जाते. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मला ते तोंड उघडलेले हवे असते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहावे. जात नसतील तर ती बाब पहिल्याच भेटीत सांगावी. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडली तर छातीचे त्रास पुष्कळ कमी होतात.

संमतिपत्राविषयी. आपल्याकडे ते न वाचता सही करण्याचा कागद मानतात. 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ते तेव्हा येरवड्याचे कैदी होते आणि शल्यविशारद कर्नल मॅडॉक हे सरकारी अधिकारी. नामदार श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले, संमतीचे निवेदन तयार झाले, आणि ते ऐकून गांधीजींनी त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना विजेचा दिवा गेला व शेवट कंदिलाच्या उजेडात करावा लागला! काही विपरीत घडले असते तर त्या कागदाचे मोल केवढे ठरले असते, याची कल्पना करावी. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की, पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि केवळ तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही. जीव वाचविण्याची निकड असेल तेवढाच अपवाद. म्हणून काय कापणार, दुसरा उपाय आहे का, धोका कोणता, हे विचारल्यावाचून सही करू नये. आणि ही सही सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची असते. सुनेच्या शस्त्रक्रियेला सासऱ्यांची सही पुरेशी नाही.

आदल्या दिवशीची कामे थोडकी आहेत. साबणाने स्वच्छ स्नान करावे. शस्त्रक्रियेच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमांतून जंतूंना वाट मिळते. नखांचा रंग उतरवावा, कारण बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायू नखातूनच मोजते. कवळी काढून ठेवावी. बांगड्या, जोडवी, नथ यांचा प्रश्न नाजूक असतो. विजेच्या उपकरणामुळे धातूखाली भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र काढताना बायकांचा जीव कसा खालीवर होतो हे मी पाहिले आहे. ते परिचारिकेच्या हाती नव्हे, सासू वा बहिणीच्या हाती द्यावे, आणि परत गळ्यात कोण घालणार हेही आधीच ठरवून ठेवावे. एवढ्यानेही पुष्कळ धीर येतो.

कित्येक रुग्ण पहाटे महाकालाचे दर्शन घेऊन, भस्म लावून येतात. कपाळावरचे भस्म पुसायला मी कधी सांगितले नाही. प्रसादाच्या लाडवाची चौकशी मात्र न चुकता केली. तो कागदात बांधून नातेवाइकांपाशी ठेवावा; खाण्याची परवानगी मिळाली की रुग्णाने खावा, आणि एक भूलतज्ज्ञालाही द्यावा.