संदर्भनोंद, संगणकावरील
संदर्भनोंद, संगणकावरील : ग्रंथ, लेख, अहवाल इ. साधनांचा लेखक, शीर्षक, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष हा तपशील संदर्भव्यवस्थापक आज्ञावलीत ठराविक रकान्यांत भरून ठेवण्याची क्रिया. एकदा नोंद झाली, की तिच्यावरून हव्या त्या शैलीची संदर्भसूची आज्ञावलीच तयार करते. झोटेरो (२००६) ही अशा प्रकारची सुपरिचित आज्ञावली होय.

नव्या ग्रंथाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक (आयएसबीएन) दिल्यास तपशील बहुधा आपोआप भरला जातो. मात्र हा क्रमांक १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरला. त्यापूर्वीच्या मराठी ग्रंथांवर तो नसतो. गावोगावची स्मरणिका, अहवाल, नियतकालिकांचे जुने अंक यांनाही तो क्वचितच असतो. अशा साधनांची नोंद हातानेच करावी लागते. ती झाली नाही, तर साधन वाचलेले असूनही सूचीत येत नाही व पुढील अभ्यासकाला त्याचा माग लागत नाही. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची करणाऱ्या शं. ग. दाते यांच्यापुढेही मूलतः हेच काम होते.

मुंबईच्या वायव्येकडील मनोरी या गावाच्या इतिहासाचे उदाहरण घेता येईल. मार्वेहून खाडी ओलांडून जावयाचे हे गाव आज मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे. परंतु हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये झाला. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील या परिसराची माहिती ठाणे जिल्ह्याच्या खंडांत (खंड १३ व १४, १८८२) शोधावी लागते. नोंद करताना शीर्षकात ‘ठाणे’ हेच नाव मूळ पुस्तकातल्याप्रमाणे ठेवावे आणि ‘मनोरी’, ‘मुंबई उपनगर’ हे शब्द विषयदर्शक रकान्यात द्यावेत. तेरावा खंड दोन भागांत असल्याने खंड व भाग हे दोन्ही आकडे आवश्यक असतात. पुनर्मुद्रण वापरले असल्यास त्याचेच वर्ष द्यावे. १८८२ हे मूळ वर्ष टिपेत नोंदवावे.

सर्वाधिक घोटाळा नावांत होतो. आडनाव व नाव यांसाठी वेगळे रकाने असतात. ज्ञानेश्वर किंवा कुसुमाग्रज यांसारखे नाव एकाच रकान्यात अखंड लिहावे. संस्थेचे नाव तोडले, तर ‘मंडळ, महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती’ असा विनोदी लेखक सूचीत अवतरतो. एकदा ‘शं. ग.’ व एकदा ‘शंकर गणेश’ असे लिहिल्यास आज्ञावली एकाच लेखकाच्या दोन व्यक्ती समजू शकते. मुखपृष्ठापेक्षा आतील शीर्षकपृष्ठ प्रमाण मानणे इष्ट.

केवळ शक दिला असेल, तर त्यात ७८ मिळविल्याने येणारे इसवी सन नेहमीच बिनचूक नसते. शके १८०४ चा आरंभ १८८२ मध्ये झाला व अखेर १८८३ मध्ये. म्हणून मूळ शकही टिपेत राखावा.

मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या टंकांतील अक्षरे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. युनिकोडमध्येही केवळ संकेतांकांनुसार क्रम लावल्यास ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर लगेच येते, मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ह’ नंतर येत नाही. तयार सूचीचा अकारविल्हे क्रम त्यामुळे डोळ्यांखालून घालावा लागतो.